पुरानंतर घरात शिरलेल्या प्लास्टिकबद्दल: सांगलीच्या सुतार आणि प्लंबर मंडळींना खुलं पत्र

सांगली, सांगलीवाडी आणि आसपासच्या भागात सुतारकाम, फर्निचर, फॉल्स सीलिंग आणि प्लंबिंग करणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी गावभागात राहते. ३१ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्यातले काहीजण माझ्या वर्गात बसून गेलेत. रस्त्यात दिसलात की अजून 'बाई' म्हणून थांबता, गाडीवरून उतरून बोलता. त्या हक्कानंच हे लिहितेय. माझ्या घरातलं पुरानंतरचं सगळं काम तुमच्यापैकीच कुणी ना कुणी केलंय आणि मनापासून केलंय. तरी गेली दोन वर्षं एक गोष्ट मनात घोळतेय. ती एकट्यादुकट्याला सांगून भागणार नाही, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते.

सुरुवात अर्थातच पुरापासून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची, एवढं सांगितलं की बाहेरच्या माणसालाही अंदाज येतो. आम्ही विश्रामबागला बहिणीकडे गेलो होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडेना, कारण आतून ट्रॉल्या फुगून दाराला टेकल्या होत्या. प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते, सनमायका उचकटून लोंबत होता, ड्रॉवर ओढला की पुढची फळीच हातात यायची. दहा वर्षांपूर्वी कर्ज काढून केलेलं ते स्वयंपाकघर आम्ही चौघांनी फावड्यानं ओढून बोळात टाकलं. शेजारी तेच, समोर तेच. बोळात माणूस चालायला जागा राहिली नव्हती.

त्यानंतर तुम्ही लोक आलात आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "बाई, आता प्लाय नको. पीव्हीसी करू. बुडालं तरी फडक्यानं पुसून घ्यायचं." खरं सांगते, तेव्हा ते ऐकून इतका धीर आला होता! आणि तुम्ही खोटं बोलला नव्हता. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा त्याच ट्रॉल्या मी पाईप लावून धुतल्या, आठ दिवस दारं उघडी ठेवली आणि दिवाळीचा फराळ त्याच ओट्यावर केला. म्हणून पीव्हीसी घरातून हाकलून द्या असं मी या पत्रात म्हणणार नाही. ज्यानं दोनदा आपलं घर रस्त्यावर पडलेलं बघितलंय, त्याला असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

पण ट्रॉलीपासून सुरू झालेलं हे प्लास्टिक मग थांबलंच नाही. बाथरूमचं दार झालं, मग देवघराच्या मागची भिंत, मग हॉलचं छत, मग ओल येते म्हणून बेडरूमच्या चारही भिंतींना पॅनल. २०२३ मध्ये मुलाच्या खोलीचं काम काढलं तेव्हा छताला पीव्हीसी, भिंतीला पीव्हीसी, कपाट पीव्हीसी फोमच्या शीटचं, आणि बाळ रांगायला लागेल म्हणून जुन्या फरशीवर मऊ गुंडाळीचं लिनोलियम अंथरलं. छत, भिंती, जमीन आणि कपाट, सगळं एकाच पदार्थाचं झालं, हे मला काम संपल्यावर लक्षात आलं.

काम संपलं त्या रात्री मुलगा-सून नव्या खोलीत झोपले. पावसाळा होता, डासांमुळे खिडक्या बंद. सकाळी सून डोकं धरून बाहेर आली. खोलीत शिरलं की नव्या रेनकोटचा असतो तसला वास, पण घशाला चिकटणारा. मी दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि पोरांना पुढचे वीस दिवस हॉलमध्ये झोपवलं. वास तरीही महिनाभर गेला नाही. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं की परत जाणवायचा. तिच्या डोकेदुखीचं कारण नक्की हेच, असं मी म्हणत नाही. एका रात्रीवरून असलं काही ठरवता येत नाही. पण वास येतो म्हणजे काहीतरी हवेत सुटतंय, एवढं तर आठवीतलं पोरही सांगेल. काय सुटतंय ते बघायला मी बसले, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाईल क्लोराईड. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतो. हे दिसायला सोपं आहे. तुमच्याच कामातले उरलेले तुकडे माझ्याकडे पिशवीभर होते. तांब्याची जाड तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. प्रयोगशाळेत ही बाइलश्टाइनची चाचणी म्हणून शिकवतात. गच्चीवर, वारं पाठीमागून असताना मी ती केली. (घरात करू नका, तो धूर चांगला नसतो.) पॅनलचा तुकडा हिरवा, लिनोलियमचा हिरवा. आणि कपाटाच्या शीटचा तुकडा, जो मला "डब्ल्यूपीसी आहे बाई, लाकडाच्या भुशाचं असतं" म्हणून सांगितला होता, तोसुद्धा हिरवागार. सांगणाऱ्यानं फसवलं असं मला वाटत नाही. त्याला दुकानदारानं तसं सांगितलं होतं, दुकानदाराला आणखी कुणी. या सगळ्या साखळीत आपण काय विकतोय ते कुणालाच धड माहीत नसतं, आणि माझी खरी काळजी हीच आहे.

आता पीव्हीसी-पीव्हीसीत फरक आहे, तो तुमच्या उपयोगाचा म्हणून नीट सांगते. नुसतं पीव्हीसी कडक असतं, ठिसूळ असतं. पाईप, पॅनल, फोमची शीट ही कडक जातीची. मऊ करायचं असेल तर त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. गुंडाळीचं लिनोलियम, टेबलावरचं पारदर्शक कव्हर, शॉवरचा पडदा, रेक्झिन, ही सगळी मऊ जात. वर्षानुवर्षं यात थॅलेट नावाचे पदार्थ वापरले गेले, आणि कमी नाही, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. अडचण अशी की थॅलेट प्लास्टिकशी रासायनिक बंधानं जोडलेले नसतात, कणकेत तेल असावं तसे मध्ये बसलेले असतात. कालांतरानं सुटतात, घरातल्या धुळीला चिकटतात. जुनं टेबलकव्हर कडक होऊन तडकतं ते याचमुळे. जे त्याला मऊ ठेवत होतं ते घरात गेलेलं असतं.

धूळ आणि रांगतं मूल यांचा संबंध तुम्हाला वेगळा सांगायला नको. नातू दिवसभर त्या लिनोलियमवर असायचा. हात जमिनीला, तोच हात तोंडात. दात येत होते तेव्हा कोपऱ्यातली सुटलेली कड चघळताना मी स्वतः दोनदा पकडलाय त्याला. ती कड मी हातात घेऊन बघितली, त्याच्या चार नव्या दातांच्या खुणा होत्या तिच्यावर.

२००४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी मुलांच्या खोल्यांतली धूळ गोळा करून तपासली होती. ज्या घरांच्या धुळीत काही ठरावीक थॅलेट जास्त होते, तिथल्या मुलांमध्ये दमा, इसब आणि नाकाच्या ॲलर्जीचं प्रमाण जास्त आढळलं. संबंध आढळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, हे मीच वर्गात शिकवत आले. पण काही थॅलेट शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, आणि युरोपीय संघानं जुलै २०२० पासून अशा चार थॅलेटवर घरगुती वस्तूंमध्ये ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि खेळण्यांच्या मानकांत थॅलेटचाही विचार आहे. म्हणजे नातवाच्या हातातल्या बदकाची तपासणी होते. तो ज्याच्यावर बसून बदक चघळतो, त्या गुंडाळीवर मात्र मला कुठलाच शिक्का, कुठलाच कागद सापडला नाही. दुकानात चार गुंडाळ्या उलट्या करून बघितल्या. एकीवर फक्त मीटरचा भाव खडूनं लिहिला होता.

जाता जाता एक. आपण ज्याला लिनोलियम म्हणतो ते लिनोलियम नव्हेच. खरं लिनोलियम जवसाच्या तेलापासून करतात, नावसुद्धा त्यावरूनच पडलं. नाव तेच राहिलं आणि माल बदलला.

आता कडक जातीकडे येते, कारण तुमचं जास्त काम त्यातच आहे. कडक पीव्हीसीत थॅलेटची फारशी चिंता नाही. तिथं प्रश्न शिशाचा. पीव्हीसी कारखान्यात तापवताना स्वतःच विघटित व्हायला लागतं, ते होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. शिशाचे क्षार यासाठी स्वस्त आणि कामाचे, म्हणून कितीतरी दशकं तेच चाललं. कॅल्शियम-झिंकचे स्टॅबिलायझर आता मिळतात, ते चालतात, पण महाग पडतात. लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

आपल्या सरकारनं हे ओळखलंय. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम २०१६ मध्ये आला. पीव्हीसी पाईप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम निघाले. ते नियम नावाप्रमाणेच पाईप आणि फिटिंगचे आहेत. भिंतीवरचं पॅनल, छत, कपाटाची शीट त्यांत येत नाही. आणि आपल्याकडे स्वस्तातली शीट बऱ्याचदा भंगारातून परत वितळवलेल्या मालाची असते, त्या भंगारात जुने पाईप असतात, जुन्या खिडक्या असतात. पाईपातून बाहेर काढलेलं शिसं कपाटाच्या वाटेनं घरात येणार नाही याची खात्री कोण देणार?

भिंतीवर नुसतं बसलेलं पॅनल फारसं काही करत नाही, हेही तितकंच खरं. शिसं आत बांधलेलं असतं. ते सुटतं कापताना, घासताना, आणि उन्हात जुनं झाल्यावर. गच्चीवरच्या जुन्या पाईपवरून हात फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागते. उन्हानं वरचा थर मेलेला असतो. म्हणजे सगळ्यात जास्त धूळ कुणाच्या नाकात जाते? घरमालकाच्या नाही. तुमच्या.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलाच्या खोलीचं काम चालू होतं तेव्हा एक पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, खोलीच्या आतच कटरनं शीटा कापत होता. बाहेर पाऊस, म्हणून दार लोटलेलं. मी चहा घेऊन गेले तर खोलीत दिवा धुक्यात लागल्यासारखा दिसत होता. त्याच्या भुवया, पापण्या, हातावरची लव पांढरी. ही भुकटी पिठासारखी झटकून जात नाही, चिकटून बसते. पातं तापलं की कडेला प्लास्टिक वितळल्यासारखं दिसायचं आणि एक आंबूस, झोंबणारा वास यायचा. तो तोंडावरचा रुमाल खाली करून चहा प्यायला, कप ठेवला, तोच हात पँटला पुसला आणि खिशातून भेळीची पुडी काढली. मी त्याला आधी हात धुवायला लावले. ऐकलं त्यानं, पण तोंडावर बुचकळ्यात पडल्याचे भाव होते. त्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

पीव्हीसीच्या इतिहासातही पहिला फटका कामगारांनाच बसला आहे. पीव्हीसी ज्या वायूपासून बनतं त्याचं नाव व्हिनाईल क्लोराईड. १९७४ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथल्या एका कारखान्यात कामगारांना यकृताचा एक अगदी दुर्मीळ कर्करोग झाल्याचं उघड झालं, आणि तो या वायूमुळे होतो हे कळलं. त्यानंतर तिथं कामाच्या जागेतली मर्यादा थेट १ पीपीएमवर आणली गेली. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था व्हिनाईल क्लोराईडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. आपल्या घरातल्या पॅनलमध्ये तो वायू जवळपास शिल्लक नसतो, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. पण लोक रोज त्यात काम करत होते आणि वर्षानुवर्षं त्यांना कुणी काही सांगितलं नाही, हे मला त्या पोराच्या पांढऱ्या भुवया बघून आठवलं. घरमालक त्या धुळीत आठ दिवस असतो. तुम्ही वर्षाचे तीनशे दिवस असता.

आग आणि धूर हा दुसरा विषय, आणि तो मला धुळीपेक्षाही तातडीचा वाटतो.

पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. माझ्या शेगडीच्या खालच्या ट्रॉलीचं दार दीड वर्षात बाहेरच्या बाजूला वाकलं. शेगडीच्या डाव्या बाजूला मी मोठी कढई ठेवते, तिथंच. वाकणं एक वेळ चालेल, दार बदलता येतं. पण पीव्हीसी पेटलं किंवा नुसतं फार तापलं तरी त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराईड वायू होऊन बाहेर पडतो. तो डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. दहावीच्या पुस्तकात जे परीक्षानळीत दाखवायचे, ते माणसाच्या घशात होतं. विकणारे सांगतात की पीव्हीसी लवकर पेटत नाही, आणि ते बरोबर आहे, क्लोरीनमुळे ते सहज ज्वाला धरत नाही. पण बंद खोलीत माणूस ज्वालेच्या आधी धुरानं जातो. छत, भिंती, कपाट सगळंच त्याचं असेल आणि वायरिंगला ठिणगी लागली तर पळायला किती वेळ मिळेल याचा विचार आपण काम ठरवताना करत नाही. छत करताना वरच्या वायरी कुणाकडून तरी तपासून घ्या, आणि गॅसच्या मागची भिंत पॅनलनं झाकू नका. तिथं टाईल लावा, दगड लावा. गिऱ्हाईक रंगाला रंग जुळवायचा हट्ट करेल, तेव्हा तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतात लोक.

आणि तुकडे जाळू नका, हे मी हात जोडून सांगते. २०१९ च्या पुरानंतर आमच्या बोळाच्या तोंडाशी कचऱ्याचे ढीग कितीतरी दिवस पडून होते. लोक वैतागले होते, वास, माश्या, साप निघायची भीती. शेवटी कुणीतरी काडी लावली. गाद्या, वायरी, बादल्या, बाथरूमची दारं, सगळं एकत्र. काळा धूर दोन दिवस बोळातून हलला नव्हता, वारंच नव्हतं. पीव्हीसी उघड्यावर जाळलं की आम्लाच्या वायूबरोबर डायॉक्सिन तयार होतात, आणि ती माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात विषारी द्रव्यांपैकी आहेत. हवेतून शेतात उतरतात, गाईम्हशींच्या चाऱ्यातून दुधात, चरबीत साठतात. दुधाच्या जिल्ह्यात राहून हे विसरून चालणार नाही. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी आली, पण नियमाची गोष्ट सोडा. हिवाळ्यात कामाच्या ठिकाणी सकाळी शेकोटीत पीव्हीसीच्या पट्ट्या टाकलेल्या मी पाहिल्यात, लाकडाचे तुकडे संपले म्हणून. हात शेकत बसलेली माणसं त्याच धुरावर वाकलेली होती. कापून उरलेला माल गोणीत भरा, ज्यानं शीट दिली त्याला परत घ्यायला सांगा; भंगारवाल्यालाही कडक पीव्हीसी चालतं.

प्लंबर मंडळींना थोडकंच सांगायचंय. पिण्याच्या पाण्याच्या लाईनला आयएसआय चिन्हाचाच पाईप टाका, यूपीव्हीसी असेल तर आयएस ४९८५, सीपीव्हीसी असेल तर आयएस १५७७८. काम लहान आहे म्हणून ड्रेनेजचा उरलेला तुकडा पाण्याच्या लाईनीला जोडू नका. पाईप जोडायच्या ज्या गोंदाला तुम्ही सोल्युशन म्हणता त्यात टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रावक असतात. बंद बाथरूममध्ये डबा उघडा ठेवून दोन तास काम केलं की डोकं जड होतं ते उकाड्यानं नव्हे. दार उघडं ठेवा, डब्याला झाकण लावत जा, जोडाला लागेल तेवढंच लावा. आणि नवी लाईन झाली की घरच्यांना सांगून जा, सोल्युशन वाळू द्या, मग नळ चांगला वाहू द्या, पहिलं पाणी प्यायला किंवा भाताला घेऊ नका. गच्चीवर उघड्या पडलेल्या पाईपांना रंगाचा एक हात द्या.

"मग बाई, प्लायच करायचा का?" असं तुम्ही विचारणार. प्लाय काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्यातला गोंद बऱ्याचदा फॉर्माल्डिहाईडचा असतो, तोही हवेत सुटतो, तोही कर्करोगाच्या पहिल्या गटातच आहे. सातशे दहा नंबरचा मरीन प्लाय पाण्यात टिकतो म्हणतात, पण पुराच्या गाळात चार दिवस बुडाल्यावर काय होतं ते आपण बघितलंय. मला वाटतं, प्रश्न एका मालाऐवजी दुसरा माल लावायचा नाहीच मुळी. आमच्या घरात आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पाणी बघितलेलं. दर वेळी उलटं करून सावलीत वाळवलं, दार जरा घट्ट झालं, रंधा मारला, परत उभं केलं. स्वयंपाकघरात पूर्वी कडाप्प्याच्या फळ्या असायच्या भिंतीत बसवलेल्या. नदी आली, गेली, धुवून टाकल्या. त्याच्यावर स्टीलच्या ट्रॉल्या बसवता येतात. लोखंडी कपाट आहे. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. खाली, पुराच्या पाण्याच्या रेषेपर्यंत दगड आणि स्टील. वर, जिथं पाणी पोचत नाही तिथं हवं ते. पीव्हीसी बाथरूमच्या दाराला ठेवा, तिथं ते खरंच उपयोगाचं आहे. लहान मुलाच्या खोलीत आणि शेगडीजवळ नको, आणि सगळी खोली त्यानं मढवू नका.

मुलाच्या खोलीतलं लिनोलियम मी काढून टाकलं. खाली शहाबादी फरशी तशीच होती, फक्त गोंदाचे डाग पडलेले. दोन दिवस बसून घासले. आता नातू त्याच्यावर सतरंजी टाकून खेळतो.

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. ज्या दुकानातून शीट, पॅनल, गुंडाळी आणता तिथं दर वेळी विचारा: हे पीव्हीसीच ना, शिसं नाही ना, कॅल्शियम-झिंक आहे का, नवा माल की भंगारातला, कारखान्याचा चाचणीचा कागद आहे का. एकट्यानं विचारलं तर दुकानदार हसेल. सांगली, मिरज, कुपवाडमधल्या पन्नास कारागिरांनी महिनाभर रोज विचारलं तर कागद ठेवायला लागेल, कारण गिऱ्हाईक तुमच्या मागून त्याच्याकडे जातं. मिळालेलं उत्तर बिलावर लिहून आम्हाला द्या, नुसतं 'शीट' लिहू नका. कापायचं काम अंगणात, गच्चीत, पावसात ताडपत्रीखाली करा, रुमालाऐवजी धुळीचा चांगला मास्क लावा, जेवायच्या आधी हात धुवा आणि ते कपडे घरी पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. काम झाल्यावर गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा की पंधरा-वीस दिवस खोली उघडी ठेवा, कुणी झोपू नका. गिऱ्हाईक घाई करेल, गृहप्रवेशाचा मुहूर्त काढलेला असेल. तरी सांगा.

यात खर्च वाढला तर आम्ही घरमालकांनी तो द्यायला हवा. तोंडानं आरोग्य म्हणायचं आणि फुटामागे दहा रुपयांसाठी तुमच्याशी घासाघीस करायची, हे आम्ही बंद केलं पाहिजे. आमच्या गल्लीतल्या बायकांशी मी याबद्दल बोललेय. तिघींनी पुढच्या कामाला कागद मागायचं कबूल केलंय.

माझ्या लेकीच्या स्वयंपाकघराचं काम दिवाळीनंतर निघतंय. सांगलीवाडीत, जुन्या घरात, जिथं पाणी दोनदा खिडकीपर्यंत आलं होतं. ज्याला ते काम करायचंय त्यानं दुपारी चारनंतर घरी यावं. नमुन्याचे तुकडे आणा, आणि सोबत त्यांचा कागद.

आपली,
विज्ञानाच्या बाई,
गावभाग, सांगली